फुलाआधीची कापणी

लसूणघासाची पहिली फुलं देवळात गेल्याशिवाय आमच्या शेतात कापणीचं यंत्र शिरत नसे. दामियान चार वर्षांचा असताना तापाने निपचित पडला, तेव्हा मी ग्वादालुपे मातेला नवस बोलले होते, लेकरू वाचू दे, दर उन्हाळ्यात पहिली जांभळी फुलं तुझ्या पायाशी आणीन, मगच घासाला पातं लावू देईन. तो वाचला. आता गाईंचं आणि शेताचं सगळं तोच बघतो.

यंदा त्याने घासाला स्फुरद आणि गंधक हात सैल सोडून दिलं. घास असा माजला की वाट दिसेना. त्यात जानेवारी, म्हणजे आमच्याकडचा भर उन्हाळा; दमट उकाडा, रोज ढग, उत्तरेचा चिकट वारा. फुलाचा मात्र पत्ता नाही. सकाळची जपमाळ आटोपून मी रोज बांधावर जायची आणि हात हलवत परत यायची.

त्या दिवशी पहाटे वारा फिरला. दक्षिणेचा, कोरडा. दामियानने मला थेट शेतात नेलं आणि घास दोन्ही हातांनी फाकवला.

"आई, वाक जरा. खाली बघ."

खालची पानं ठिपक्यांनी पिवळी पडून गळत होती. बुडख्याशी नवे कोंब बोटाएवढे वर आले होते.

"हे कोंब आणखी वाढले की यंत्राच्या पात्यात येणार. मग पुढची कापणी विसर. आणि पानं गळाल्यावर गाईंना काय, काड्या घालू?"

"चार दिवसांत फूल येईल रे."

"हा वारा चार दिवस थांबेल? परत दमट झालं की कापलेलं वाळायचं नाही, गासड्यांना बुरशी. मागे आतून तापून धुमसायला लागल्या होत्या, आठवतं ना?"

माझे यजमान एल्व्हियो कुंपणाला टेकून माटेचा कडू चहा नळीने ओढत होते. "मला मध्ये घेऊ नका," ते म्हणाले. "नवस हिचा, ताप तुझा. मी फक्त दूध काढतो."

"तुम्ही गप्प बसा हो!" मी म्हटलं.

दामियान हसला नाही. "आई, तू नको म्हणालीस तर मी यंत्र काढणार नाही. खरंच."

हे त्याने म्हणायला नको होतं. तो हट्टाला पेटला असता तर मला भांडता आलं असतं. मी पुन्हा वाकले, एक कोंब बोटाने चाचपला. कोवळा होता, काकडीच्या देठासारखा मोडला असता.

"दव उडू दे," मी म्हटलं. "मग काढ यंत्र. आधी मला एक पेंढी विळ्याने कापून दे."

देवळात झाडलोट करणारी इर्मा वेदी पुसत होती. माझ्या हातातलं बघून तिचं फडकं थांबलं.

"अगं झुल्मा, हे काय? मातेला गाय समजलीस की काय?"

"फुललंच नाही गं. कापावं लागलं."

"आणि नवस?"

"तेच सांगायला आलेय."

मी गुडघे टेकले. बोलायचं ठरवलेलं बाजूला ठेवून जे झालं तेच सांगितलं. पानं गळत होती, कोंब आले होते, वारा कोरडा होता. फूल नाही, आई. इतकंच आहे.

मागे इर्माची पावलं वाजली. फुलदाणीत पेंढी मावत नाही म्हणून ती बादली घेऊन आली होती.

"सरक," ती म्हणाली. "हिरव्याला पाणी जास्त लागतं."