बिजागऱ्यांच्या कारखान्यातला पाळणा

मित्रांनो, मी लोखंडी पाइपांचा एक जुना पाळणा आहे. माझा जन्म वसईतल्या एका बिजागऱ्यांच्या कारखान्यात झाला. दारांच्या बिजागऱ्या बनतात तिथे पाळण्याचं काय काम, असं तुम्हाला वाटेल.

आशालता तिथे पॅकिंगला होती. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून एकदा तिने तान्ह्या मुलीला सोबत आणलं आणि खोक्यात निजवलं. कारखान्याचे मालक ऑस्कर शेठ फेरी मारताना तिथे थबकले. आता नोकरी गेलीच, असं वाटून आशालता रडवेली झाली. पण शेठांनी वेल्डर काशीरामला हाक मारली.

"हातातलं काम ठेव. आधी एक पाळणा कर."

"पाळना? कोनासाठी, शेठ?"

"आपल्या कारखान्यातल्या सगळ्यात लहान माणसासाठी."

संध्याकाळपर्यंत मी तयार झालो. शेठांनी मला आपल्या ऑफिसात ठेवलं, मुलांसाठी एक मावशी नेमल्या आणि स्वतःचं टेबल जिन्याखाली हलवलं. मग पापडीहून, नालासोपाऱ्याहून बायका मुलांना घेऊन निर्धास्त कामावर येऊ लागल्या. एकदा मुंबईचं मोठं गिऱ्हाईक खोळंबलं होतं आणि शेठ मला झोका देत होते. "हे झोपलं की आलोच," ते हळूच म्हणाले. काय ते दिवस होते!

पुढे शेठ वारले. त्यांच्या मुलाने, मर्विनने, नेटाने कारखाना चालवला; पण बाहेरच्या स्वस्त मालापुढे आमच्या बिजागऱ्या पडून राहू लागल्या. कामगार कमी झाले. मी गोदामात गेलो. माझ्या झोळीत उंदरांनी घर केलं, अंगावर गंज चढला.

गेल्या वर्षी कारखाना बंद झाला. "पप्पांनी उभं केलं, मला टिकवता आलं नाही," एवढंच मर्विनला बोलता आलं. भंगाराच्या टेम्पोत मलाही चढवलं, तेव्हा केस पांढरे झालेली आशालता आडवी आली.

"मर्विनभाऊ, हा भंगारात नाही जायचा. आम्हाला द्या."

मर्विनने मला स्वतःच्या हातांनी खाली उतरवलं.

आता मी नालासोपाऱ्यात आहे. आशालताने मैत्रिणींना घेऊन तिथे पाळणाघर काढलंय. मला नवा रंग मिळाला, नवी झोळी मिळाली.

मित्रांनो, एखाद्या बंद कारखान्यावरून जाल तेव्हा तो कोणी उभारला, तिथे कोण राबलं, हे घरच्या मोठ्यांना जरूर विचारा. आणि जुनी वस्तू टाकण्याआधी ती कोणाच्या उपयोगी पडेल का, ते पाहा. आज एक नवी आई आपलं बाळ माझ्यात ठेवून कामावर गेली. जाताना पुन्हा पुन्हा वळून बघत होती. संध्याकाळी तिला ते हसतं मिळावं, एवढीच माझी इच्छा आहे.