वाढत्या मापाचा कोट

धाकटीला अजूनही सगळे धाकटीच म्हणत, यात खरं तर आता काही अर्थ उरला नव्हता. गुडघे कुरकुरत होते, सुईत दोरा ओवायला लेकीला हाक मारावी लागत होती, आणि ज्याच्यामुळे ती धाकटी ठरली होती तो थोरला भाऊ लढाईच्या दिवसांत एका सकाळी बॉम्बफेकी विमान घेऊन आकाशात गेला, तो परत आलाच नव्हता. पण हाक एकदा तोंडात बसली की बसली. लहान मुलंसुद्धा दुकानाच्या दारातून "धाकटी आजी, बाबांची पँट झाली का?" असं विचारत आणि ती "आजी पण आणि धाकटी पण? एक काहीतरी ठरवा बाबांनो," म्हणून हसत असे.

दुकान वडिलांचं. पुढच्या खोलीत मशीन आणि कापायचं लांबलचक टेबल, मागच्या खोलीत संसार. याच टेबलापाशी वडिलांनी दादाच्या त्या कोटाचं माप घेतलं होतं. दादा शेवटच्या रजेवर आला होता, आणि लढाई संपवून येशील तेव्हा घालायला म्हणून वडिलांनी राखाडी लोकरीचं, ठेवणीतलं कापड काढलं होतं. माप देताना माणूस खाली बघायला लागला की पाठ वाकते आणि कोट फसतो, म्हणून वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, "मान वर, छताकडे बघा." दादा तर लहानपणापासून हे ऐकत आलेला, त्याची मान टेप दिसताच आपोआप वर जायची. त्या दिवशी छताकडे बघत तो म्हणाला होता, "बाबा, वर बघ, वर बघ म्हणून जन्मभर कानीकपाळी तुम्हीच ओरडलात, आणि आता मी वर जायला लागलो तर आई रडते." वडिलांच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांना हसता येईना. धाकटी मात्र एवढी हसली, एवढी हसली, की तिच्या मांडीवरचा बटणांचा डबा उपडा झाला.

कोट तयार झाला आणि दादा गेला. बरोबरची विमानं परतली, त्याचं परतलं नाही. पुढे एक अधिकारी घरी येऊन, टोपी काढून, हळू आवाजात सांगून गेला की काहीच सापडलेलं नाही, ना विमान, ना माणूस. तो वरून काय टाकायचा, कुणाच्या घरांवर टाकायचा, हे त्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. ते त्या दिवशीही कुणी विचारलं नाही. वडील त्यानंतर फार बोलले नाहीत आणि फार जगलेही नाहीत. आई रडली नाही. रागावली की ती कुणालाही "मेल्या" म्हणायची, अगदी मांजरालासुद्धा, पण दादाचा विषय निघाला की तो शब्द तिच्या तोंडून त्यानंतर कधीच आला नाही.

दादाचा वाढदिवस आला तेव्हा आईने कपाटातून कोट काढून टेबलावर ठेवला आणि धाकटीला म्हणाली, "पोरगा आता भरला असेल. छातीत जरा सोड."

धाकटीने आईकडे पाहिलं, मग कोटाकडे पाहिलं, आणि शिवण उसवायला घेतली. वडिलांनी शिवणींच्या आत जादा कापड, शिंपी ज्याला माया म्हणतात ते, भरपूर ठेवलं होतं. त्यातलं जरासं तिने सोडलं, नवी शिवण घातली, इस्त्री फिरवली आणि कोट परत टांगला. मग तो घरचा रिवाजच झाला. दर वाढदिवसाला आई दादाचा अंदाज घ्यायची आणि धाकटी तो अंदाज कोटात शिवायची. "तिशी उलटली, बायको आली असेल, चांगलंचुंगलं खायला घालत असेल. पोटावर सोड." "एवढी वर्षं वाकून बसून बसून त्याला पोक आलं असणार. पाठ वाढव, पुढून उचल." कधी दोघी त्यावरून हसायच्याही. त्या न पाहिलेल्या वहिनीला नावं ठेवायच्या, तिच्या हातच्या स्वयंपाकाला ठेवायच्या. त्या एका दुपारपुरता दादा त्या खोलीत असायचा, आणि धाकटीला वर्षातली तीच दुपार सगळ्यांत आवडायची.

एकदा मात्र घोटाळा झाला. म्हातारपणी खांदे उतरतात, म्हणून आईने बाह्या थोड्या आखूड करायला सांगितल्या. धाकटीने डावी बाही कापली, तेवढ्यात आईने चहा आणला, गप्पा लागल्या, कोट टेबलावर कधी फिरवला गेला ते कळलं नाही, आणि तिने पुन्हा डाव्याच बाहीला कात्री लावली. डावी बाही चांगली दोन बोटं तोकडी झाली. धाकटी रडायला लागली. आई म्हणाली, "असू दे गं. आला की सांगू, तुझ्या बहिणीचं लक्ष तिच्या जिभेत असतं."

जातानाही आईने दादाचंच सांगितलं. विमानतळाजवळच्या स्मारकावर लढाईत गेलेल्यांची नावं कोरलेली होती. त्यात दादाचं नाव आईने कधी कोरू दिलं नव्हतं. आई म्हणाली, "तुझ्या मनाला पटेल तेव्हाच हो म्हण. उगाच घाई करू नकोस."

धाकटीने घाई केली नाही. लेक वाढली, दुकानात हाताशी आली, नवरा गेला, केस पिकले, आणि दर वाढदिवसाला कोट निघतच राहिला. पण या वर्षी स्मारकाची माणसं पुन्हा आली. तिथे काचेचं दालन होणार होतं, दादाचा तरुणपणीचा फोटो लागणार होता, आणि शेजारी त्याचा कोट त्यांना हवा होता. दगडावर त्याच्या नावाची जागा अजून रिकामी होती. धाकटी रात्रंदिवस विचार करत राहिली. हो म्हणणं म्हणजे आपल्या तोंडाने त्याला मारणं होतं. नाही म्हणावं, तर आपल्यामागे त्याला आठवणारं माणूसच उरणार नव्हतं. लेकीला मामा म्हणजे कपाटातला एक कोट, बस्स. शेवटी ती हो म्हणाली.

"फक्त फोटोतल्या तरुणाच्या अंगासरशी बसायला हवा," ते म्हणाले होते. म्हणून तिने दादाचं सगळं वय उसवायला घेतलं. पोट गेलं, पोक गेलं, छाती दर दिवशी थोडी थोडी आत आली. आखूड बाहीला इलाज नव्हता, कोट ज्या पुतळ्यावर चढायचा त्याच्या पाठीमागे ती दडवायची ठरली. सगळ्यात शेवटी शिवणी सपाट दिसाव्यात म्हणून तिने आतली माया कापून टाकली. पुतळ्याला काही अंग धरायचं नसतं, असं स्वतःलाच समजावत ती कापत गेली, आणि कापताना तिला फार रडू आलं. आज सकाळी लेकीने मागच्या खोलीत कोट पुतळ्यावर चढवला, बटणं लावली आणि म्हणाली, "आई गं, काय फिट्ट बसलाय!" दुपारी तो न्यायला गाडी यायची होती.

जेवणं उरकली असतील नसतील, तोच एक म्हातारा दुकानात आला. परगावचा होता, प्रवासात पाटी दिसली म्हणून उतरलो म्हणाला. एक शर्ट शिवायचा होता.

"सैल शिवा," तो म्हणाला. "हल्ली काही दिवस छातीत आवळल्यासारखं होतंय. आज सकाळपासून तर फारच. हा बघा, चांगला ढगळ शर्ट घातलाय, तरी कोंडल्यासारखं वाटतं."

"डॉक्टरला दाखवलंत का?"

"दाखवलं. काही नाही म्हणतात."

धाकटीने टेप काढला. ती त्याला काही सांगणार, त्याआधीच त्याने मान वर केली आणि छताकडे बघत उभा राहिला.

तिचे हात क्षणभर थांबले. मग तिने पाठीचं माप घेतलं, पोटाचं घेतलं, पोकाचं घेतलं. टेप वाचायची गरज पडत नव्हती; आकडा आधी मनात येत होता आणि मग टेपवर दिसत होता. हे सगळं तिने मागच्या वाढदिवसाला याच टेबलावर शिवलं होतं. उजव्या हाताचं माप झालं. डावा हात तिने बराच वेळ धरून ठेवला.

"तो आखूड आहे," म्हातारा ओशाळून म्हणाला. "खूप वर्षं झाली. एका सकाळी उठलो, तर आखडलेला. चांगला दोन बोटं. पडलो नाही, झडलो नाही."

धाकटीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दादाचा म्हणावा तर दादाचा चेहरा, नाहीतर कुठल्याही म्हाताऱ्याचा. 'दादा' हा शब्द तिच्या ओठांवर आला आणि तिथेच थांबला. हाक मारावी आणि त्याने मागे वळून 'कोण दादा?' म्हणून विचारलं, तर ते ऐकायची तिची छाती नव्हती. तिने त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पाणी पितानाही त्याला धाप लागत होती आणि कपाळावर घाम डवरला होता.

"आलेच हं," म्हणून ती मागच्या खोलीत गेली. पुतळ्यासमोर उभी राहिली. तिने वरचं बटण काढलं, मग त्याखालचं, मग सगळी.

पुढच्या खोलीतून मोठा, मोकळा श्वास ऐकू आला. "हुश्श," म्हातारा म्हणाला. "आत्ता जरा बरं वाटतंय बाई."

धाकटीने कोट उलटा केला आणि काखेपासून खाली शिवणींवर बोटं फिरवली, एकदा, पुन्हा एकदा. सोडायला काही म्हणजे काही उरलं नव्हतं. कापलेल्या चिंध्या लेकीने सकाळीच केरात टाकल्या होत्या. तिने कोटाचे दोन्ही पल्ले हातांत धरले आणि ताणून उघडे ठेवले.

बाहेर गाडी येऊन थांबली. लेक लगबगीने आत आली.

"अगं, हे काय? उघडलास कशाला?" ती म्हणाली. "सोड ना आई, बटणं लावू दे."