मामींची होडी आणि सातवं आकर्षण

भिंत पडली. कुणी पाडली नाही, पडली, आणि कुणाला खरचटलंही नाही. एवढं सांगून झालं. आता ती पडलीच नाही असं धरून पुढे वाचा, कारण कला समितीचंही तेच म्हणणं आहे.

मी आमच्या नदीकाठच्या जुन्या गावात पाहुण्यांना आकर्षणं दाखवतो. दगडी पूल, घड्याळाचा मनोरा, जुनं नाट्यगृह आणि काठावर शिल्पकारांनी मांडून ठेवलेलं बरंच काही. त्यातलं शिल्प कुठलं आणि दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला नळ कुठला, हे मला अजून नक्की कळलेलं नाही. मी दोन्हींसमोर सारखाच थांबतो. नळाला टाळ्या जास्त पडतात.

सातवं आकर्षण म्हणजे माझ्या मामांच्या कारखान्याची भिंत.

मामा होड्या बांधतात. कारखान्याला दार आहे, पण माणसाच्या मापाचं. होडी बाहेरही काढावी लागते, हे आजोबांना बांधकाम संपल्यावर आठवलं. तेव्हापासून आमची पद्धत अशी: होडी तयार झाली की नदीकडची भिंत उतरवायची, होडी पाण्यात सोडायची, भिंत परत रचायची. विटा नुसत्या मातीत बसवलेल्या. रंगकाम करताना मामा ब्रश भिंतीलाच पुसतात, आणि रचताना कुठली वीट कुठल्या तोंडाने बसली ते कोण बघतंय? त्यामुळे बाहेरून भिंत अशी दिसते, की इंद्रधनुष्य जिन्यावरून गडगडत खाली आलंय.

एका सकाळी समितीच्या अध्यक्षबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. संध्याकाळी भिंतीपुढे दोरी आणि पाटी: ‘संरक्षित कलाकृती. हात लावू नये.’

आत तेव्हा मामींची होडी होती. मामांनी अख्ख्या गावाला होड्या बांधून दिल्या, पण मामींना एकदाही नदीत नेलं नाही. “पुढची तुझी,” म्हणत राहिले. ही ती पुढची. निळी, आणि बसायची फळी रुंद, कारण मामींचे गुडघे हल्ली कुरकुरतात.

“मग मी जायचं कसं?” मामींनी विचारलं.

“अगं, बाई म्हणतात भिंत हलवायची नाही.”

“बाई म्हणतात! मी इतकी वर्षं काय म्हणतेय, ते ऐकलंत कधी?”

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी अध्यक्षबाईंकडे गेलो.

“बाई, आत होडी आहे.”

“असू दे ना. आशय आतच असतो.”

“पण ती बाहेर यायला हवी.”

“तोच तर ताण मला जाणवला!”

मी आभार मानून परत आलो. कशाचे, ते माहीत नाही.

पुढे एका दुपारी भिंत पडली. मामांच्या हाताला माती होती, पण ती नेहमीच असते. समोर लख्ख नदी. मामी पळत आल्या, म्हणजे गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढ्या, आणि थेट होडीत जाऊन बसल्या. मामांनी खाली ओंडके लावले, मी दोर धरला.

“ओढ रे!” मामा ओरडले, आणि माझा फोन वाजला. अध्यक्षबाई बाहेरगावचे पाहुणे घेऊन निघाल्या होत्या. पुलापाशी पोचल्या होत्या.

घाबरला की माणूस सवयीचं काम करतो. आमच्या घराण्याची सवय म्हणजे भिंत उतरली की रचायची. मामांनी वीट उचलली, मी माती कालवली, मामीही होडीतून उतरून विटा देऊ लागल्या. बाई वाटेत पूल, मनोरा, नाट्यगृह आणि नळ समजावत होत्या. तेवढ्या वेळात चार होड्या बाहेर निघाल्या असत्या. शेवटची वीट बसली तेव्हा मामी म्हणाल्या, “अहो, होडी?”

तिघंही भिंतीकडे बघत राहिलो. तितक्यात बाई आल्या. “बघा,” त्या पाहुण्यांना म्हणाल्या, “दर वेळी नवीनच दिसते!”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना खरं काय ते सांगितलं. “पडली असती तर मला कळलं नसतं का?” त्या म्हणाल्या आणि काळजी म्हणून सगळे सांधे सिमेंटने भरून घेतले.

आता संध्याकाळी मामी होडीत बसतात. मामा समोर बसून हवेत वल्ही मारतात.

“हळू हो, पाणी उडतंय,” मामी म्हणतात. मामा खरोखर हळू मारतात. आवाज बाहेर जातो. पाहुण्यांना वाटतं कलाकृतीचाच भाग, ते टाळ्या वाजवतात. नळाइतक्या नाहीत.

काल मामींनी वल्ही थांबवायला लावली. “कोरड्यात किती बसू? अर्ज लिही रे,” त्या मला म्हणाल्या. मी लिहिला:

‘मा. अध्यक्षा, कला समिती यांस. विषय: नदी आत मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, संरक्षित भिंतीस कोणताही धक्का न लावता नदी कारखान्याच्या दाराने आत आणून देण्याची व्यवस्था व्हावी. दार माणसाच्या मापाचे असल्याने नदी थोडी आडवी धरून आणावी. फेरी झाल्यावर ती मूळ जागी व मूळ स्थितीत ठेवण्याची जबाबदारी अर्जदारांची राहील. कळावे.’