गोतिनाबाईंच्या दारावरची कमान

बाबांची कमान पाहून गोतिनाबाई म्हणाल्या, "हबीब, हे चर्चचं दार आहे की घोड्याची नाल?"

फ्रोइला गवंडी खो खो हसला. त्याला निमित्तच लागतं. तो इथल्या खोऱ्यातला जुना गवंडी आणि आम्ही दक्षिणेतल्या मुसलमानी राज्यातून, कोर्दोबाहून आलेले, त्यामुळे बाबांना कुणी बोललं की त्याच्या घरी सण!

मला मात्र हसू येईना. चर्च गोतिनाबाई बांधवत होत्या; जमीन त्यांची, दगड त्यांचा. त्यांनी "नको" म्हटलं की बाबांचं काम गेलं, आणि काम गेलं की बिऱ्हाड पाठीवर. म्हणजे सिस्टर ओनेगांची शाळा संपली. आणि मला तर आत्ता कुठे वाचता यायला लागलं होतं! अख्खं स्तोत्र, न अडखळता, सगळ्या मुलींसमोर! ते सोडून मी जाऊ?

"दक्षिणेत आम्ही अशीच बांधतो, बाईसाहेब," बाबा म्हणाले.

"ठाऊक आहे. माझ्या नवऱ्याला दक्षिणेच्याच फौजेनं मारलं. याच दारापाशी पुरलंय त्याला. त्याच्या उशाशी मशिदीची कमान उभी करू?"

बाबांचं नाव हबीब, गळ्यात क्रूस, प्रार्थना लॅटिनमध्ये आणि शिव्या अरबीत. इथल्या लोकांना याचा मेळच लागत नाही.

फ्रोइलानं आगीत तेल ओतलं. "आणि बाईसाहेब, कमान तोलणाऱ्या या लाकडी साच्याखाली एक टेकू नाही बघा. सगळं अधांतरी! साचा काढला की कमान हबीबच्या डोक्यात."

आता याला काय सांगायचं? त्याची कमान खांबावरून सरळ वर जाते, म्हणून त्याला साचा जमिनीवर उभ्या केलेल्या वाशांवर तोलावा लागतो. आमची कमान खाली आत वळते. तिथं खांबाच्या माथ्यावर दगडाचा ओठ पुढे आलेला असतो, साचा त्याच्यावरच बसतो. हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. पण मी तोंड उघडताच बाबांनी डोळे वटारले.

"शुक्रवारी साचा काढतो," ते म्हणाले. "आमची रीत आहे. साचा निघताना गवंड्याच्या घरचं माणूस कमानीखाली उभं राहतं. कमान टिकली, तर मग तुम्ही सांगा, ठेवायची की पाडायची."

गवंड्याच्या घरचं माणूस म्हणजे मीच. आमच्या घरात दुसरं आहे कोण?

शुक्रवारी अख्खा गाव जमला. मी केस नीट बांधून कमानीखाली उभी राहिले.

"भीती वाटते का गं, आउरिया?" फ्रोइलानं विचारलं.

"तुमच्या कमानीखाली वाटली असती, काका."

लोक काय हसले म्हणता! फ्रोइलाही हसला, पण जरा उशिरा.

बाबांनी एकेक पाचर ठोकून काढली. साचा करकरला, खाली आला. चुना भुरभुरत माझ्या नाकात गेला आणि मी जोरात शिंकले. कमान ढिम्म.

मग गोतिनाबाई आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या वर बघत होत्या.

"खरं सांग, हबीब. मशिदीत अशीच असते?"

"म्हणजे... तशी अगदीच काही..." बाबा चाचरले. त्यांना खोटं बोलता येत नाही, आणि तरी ते बोलायला निघाले होते. माझ्यासाठी. ते मला बघवेना.

"हो, अगदी अशीच!" मी म्हणाले. "तिथं आमच्या चर्चलाही अशीच होती. मशिदीतल्या लाल-पांढऱ्या आहेत. मी दारातून पाहिल्यात."

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. झालं, माझी शाळा गेली!

गोतिनाबाईंनी खांबाच्या माथ्यावरचा तो दगडी ओठ बोटांनी चाचपला. दाराबाहेरच्या थडग्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तिथं आत जाताना म्हणे जोडे काढतात?"

"हो."

"इथं कुणी काढायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि हबीब, दाराला लाकूड जाड लाव. वारा फार येतो इकडून."

कमान राहिली, हे बाबांना कळायला वेळ लागला. मी मात्र तोवर शाळेकडे पळत सुटले होते.