माझ्या मापाचे टायर

मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे, मित्रांनो. हसू नका. नाचणगावातली मुलं हसतात तेवढं पुरे आहे. मी जमिनीला टेकल्यासारखी बसकी आहे, मला दोनच दारं आहेत आणि माझ्यात दोनच माणसं मावतात. तिसरा आला तर त्यानं पायी यावं. माझं छप्पर कापडाचं आहे आणि ते मागे दुमडता येतं. माझा रंग लाल होता. आता कोणता आहे ते मी सांगणार नाही, इतकी तरी लाज मला राखू द्या.

माझा जन्म फार लांबच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे मोजक्याच गाड्या बनत आणि बऱ्याचशा हातानं बनत. मला बनवणाऱ्यांनी चाकं लहान दिली आणि टायर रुंद दिले. असं माप दुसऱ्या कुठल्याच गाडीला नव्हतं, याचा त्यांना मोठा अभिमान होता. पुढे तो कारखाना बंद पडला. माझ्या मापाचे टायर बनवणंही हळूहळू सगळ्यांनी सोडून दिलं. अभिमानाच्या गोष्टी बहुतेक वेळा अशाच अंगाशी येतात.

माझे पहिले मालक पुलगावच्या लष्करी डेपोतले एक साहेब होते. ते मला वाटेल तशी दामटायचे. चिखल, धूळ, खड्डे, काही पाहायचे नाहीत. मी रोज मळायची आणि रोज पळायची. माझे टायर झिजायचे आणि साहेब नवे मागवायचे. त्या काळी ते मिळत होते. ती माझी सुखाची वर्षं होती, पण सुख चालू असताना ते सुख आहे हे कळत नाही.

साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी मला चंद्रभानच्या हवाली केलं. चंद्रभान हा त्यांचा शिंपी. पुलगावात त्याचं दुकान, घर नाचणगावला. माझं छप्पर एकदा फाटलं होतं ते त्यानंच असं शिवलं होतं की टाका शोधून सापडत नव्हता. किल्ली देताना साहेब म्हणाले, “हिला सांभाळ.” चंद्रभाननं मान डोलावली आणि त्या दिवसापासून माझं पळणं संपलं.

कारण चंद्रभाननं मला खरोखरच सांभाळलं. घराशेजारी टिनाचं शेड घातलं. मग गळ्यातली टेप काढून माझं नाकापासून शेपटापर्यंत माप घेतलं आणि जाड कापडाची एक खोळ शिवली. आरशांना वेगळे खिसे, खाली बांधायला नाड्या, कुठे सुरकुती नाही की ओढ नाही. सगळं गाव ती खोळ बघायला आलं. खोळीचं खूप कौतुक झालं. माझं कुणी केलं नाही, कारण मी कुणाला दिसतच नव्हते.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, मला बाहेर काढत. धुऊन, झेंडूची माळ घालून, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आत आणत. चंद्रभानची बायको नलू त्या दिवशी शेजारी बसायची. गल्ली संपली की ती दरवर्षी एकच गोष्ट मागायची.

“अजी, एकडाव छप्पर उघडून केळझरच्या गणपतीले नेजा ना मले.”

“नेईन न वं. आपल्या अंकिताच्या लग्नात काढू गाडी. तोवर कायले खराब करायची?”

केळझरला ती एसटीनं कितीदा जाऊन आली होती. पण एसटीत खिडकीशी जागा मिळायची मारामार. तिला उघड्या गाडीत, वाऱ्यात, नवऱ्याच्या शेजारी बसून जायचं होतं. एवढंच तिचं मागणं होतं, मित्रांनो. त्या घरात तिनं दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

तिच्या पेटीत माझी एक बहीणही होती. भावानं दिलेली जांभळी रेशमी साडी. तीही अंकिताच्या लग्नासाठी राखलेली, घडी न मोडलेली. मग पुण्यात राहणाऱ्या त्या लेकीनं तिथेच नोंदणी करून लग्न केलं आणि आईबापांना फोनवर दाखवलं. साडी पेटीत राहिली आणि मी खोळीत राहिले.

असं करता करता नलूचे गुडघे गेले. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की दिवाळीनंतर ऑपरेशन करावं लागेल आणि पुढे खाली बसायचं नाही, फार वाकायचं नाही. घरी आल्यावर ती शेडमध्ये आली. खोळीचा कोपरा उचलून तिनं माझी सीट पाहिली, पाटासारखी खाली असलेली.

“आता याच्यात मले काई बसता येनार नाई,” ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. चंद्रभान दारात उभा होता. त्याला ते फार लागलं. त्यानं तिथल्या तिथे कबूल केलं की ऑपरेशनच्या आधी केळझर, छप्पर उघडून.

खोळ निघाली. दसऱ्याच्या गल्लीपुरत्या फेरीत माझ्या टायरांकडे कुणी नीट पाहिलंच नव्हतं; आता ते पाहून चंद्रभान खालीच बसला. वर्षानुवर्षं मी एका जागी उभी राहिल्यानं ते तळाला चपटे झाले होते. बाजूंना भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यात अनवाणी टाचांना पडतात तशा. त्यांच्यावर केळझर गाठणं शक्य नव्हतं.

मग आमची पायपीट सुरू झाली. एका टेम्पोत घालून मला आधी वर्ध्याला नेलं. तिथल्या दुकानदारानं जास्त रुंद टायर लावून पाहिले, ते वळताना मडगार्डला घासू लागले. दुसऱ्यानं मापाचा आकडा ऐकूनच मान हलवली. कुणीतरी जामचं नाव सांगितलं. हायवेच्या त्या चौकात सगळ्या देशाचे ट्रक थांबतात, तिथे नाही मिळालं तर कुठेच नाही. नलूही हट्टानं सोबत आली.

जामला ओमप्रकाशचं टायरचं दुकान आहे. माणूस बडबड्या, पण मनाचा सरळ. त्यानं माझ्या चाकाशी उकिडवं बसून बराच विचार केला आणि एक टायर गडगडत आणला.

“काकाजी, हे लावा. बोटभर उंच हाय, गाडी जराशी वर दिसन. पण यंदाचं रबर हाय. बिनघोर जा.”

चंद्रभाननं गळ्यातली टेप काढली. टायर मोजला, चाक मोजलं, पुन्हा टायर मोजला.

“माप नाई जमत, भाऊ.”

“चालन न काकाजी. रस्ता काय माप पाह्यते?”

“मी जनमभर लोकाइले मापाचे कपडे शिवून देल्ले. आता माह्याच गाडीले ढगळ घालू?”

मित्रांनो, मला तो उंच टायर आवडला होता. त्याला ताज्या रबराचा वास होता. मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडले असते की घाल बाबा, ढगळ घाल, पण मला चालू दे.

ओमप्रकाश सहज बोलून गेला की या मापाचे चार टायर त्याच्या वडिलांच्या वेळचे माळ्यावर पडले आहेत, पण ते काही विकायचे नाहीत. चंद्रभाननं ते उतरवायलाच लावले. कागदात गुंडाळलेले, काळेभोर, अंगावर नव्या टायरला असतात ते रबराचे केससुद्धा तसेच. टेप लावली. सुताचा फरक नव्हता. चंद्रभानचा चेहरा असा उजळला की मला त्याची कीव आली.

“कोरे हायेत,” तो म्हणाला.

“कोरे हायेत, पन म्हातारे हायेत, काकाजी. टिनाखाली कितीक उन्हाळे काढले यायनं. रबर ठेवल्या ठेवल्या मरते.”

“एक दिवस वापरलं नाई, मंग मरन कसं?”

आपल्याकडच्या घराघरात हाच हिशेब चालतो. वापरलं ते जुनं, झाकून ठेवलं ते नवं. पाहुण्यांसाठीची चादर पाहुणे आले तरी निघत नाही आणि लग्नातला स्टीलचा डबा नातवाच्या लग्नात पुन्हा कोरा म्हणून देतात. चंद्रभान त्याच घरातला माणूस. त्याला कोरं आणि ताजं यातला फरक कुणी शिकवला नव्हता, आणि सांगणाऱ्याचं त्यानं ऐकलं नाही.

बाकावरून नलू म्हणाली, “अजी, तो म्हनते ते यंदाचेच घ्या ना.”

“नलू, तिच्या मापाचे भेटले असून तिले दुसऱ्याची चप्पल काऊन घालू?”

ओमप्रकाशनं पुन्हा पुन्हा नको म्हटलं आणि शेवटी नाइलाजानं बसवून दिले. “हळू जाजा,” तो म्हणाला, “आन ऊन तापलं का थांबजा.”

निघायच्या सकाळी माझ्यासमोर नारळ फुटला. चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि मी ती चिरडून पुढे सरकले. नलू जांभळी साडी नेसून आली. दार धरून, दात आवळून ती माझ्या सीटवर बसली आणि बसताना साडी चर्रकन फाटली. गुडघ्याशी, अगदी घडीच्या रेषेवर.

चंद्रभाननं वाकून पाहिलं. “घडीवरच गेली. रेशमाची घडी बदलत राहा लागते, साऱ्या बायाइले सांगतो मी हे. येऊ दे परत, रफू करून देतो.” एवढं बोलून त्यानं किल्ली फिरवली. दुसऱ्यांना सांगायचं ते सगळं त्याला येत होतं.

आणि मग, मित्रांनो, मी पळाले. छप्पर मागे, दोन्ही बाजूंना कपाशी, आणि नलूच्या डोक्यावरचा पदर राहीना. आधी तिनं तो धरून ठेवला, मग सोडून दिला. देवळी मागे पडली तेव्हा ती हसत होती. “अजी, अजून जोरात घ्या ना,” ती म्हणाली आणि चंद्रभाननं जन्मात पहिल्यांदा माझा वेग वाढवला. ऊन तापलं होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबावंसं कुणाला वाटलं असतं? मलाही वाटलं नाही.

मागच्या उजव्या टायरची वरची कातडी सोलून निघाली. आधी फटफट आवाज आला, मग मोठा धमाका झाला. मी गरकन फिरले, रस्ता सोडून खाली गेले आणि बाभळीच्या बुंध्यावर आदळले. मागची दोन चाकं जोडणारा माझा कणा मोडला. नलूचा गुडघा समोर आपटला. तोच, जो जास्त दुखत होता.

लोक जमले. कुणीतरी तिला उचलून बांधावर बसवलं. चंद्रभान रस्त्यावरून टायरचा सोललेला पट्टा घेऊन आला. त्यावर रबराचे केस अजून शाबूत होते.

“कोरं होतं न वं,” तो म्हणाला.

नलूनं फाटलेली साडी गुडघ्यावर ओढून घेतली. “तुमी सारंच कोरं ठेवलं,” ती म्हणाली. एवढंच. एक ऑटो तिला वर्ध्याला घेऊन गेला. केळझर तिथून पुढे होतं, पण ऑटो दवाखान्याशी थांबला.

तिचं ऑपरेशन घाईत करावं लागलं आणि ते म्हणावं तसं झालं नाही. आता ती वॉकर धरून चालते आणि पाय वाकत नाही. माझ्यात ती पुन्हा कधी बसणार नाही. मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणलं, चाकं काढून विटांवर ठेवलं. माझा कणा आता कुठे मिळत नाही. चंद्रभाननं काही दिवस चौकशी केली, मग तीही सोडली. ओमप्रकाश एकदा येऊन चहा पिऊन गेला. उद्या सकाळी पुलगावचा भंगारवाला येणार आहे.

मित्रांनो, माझ्यासाठी काही करा असं मी म्हणत नाही, करण्यासारखं काही उरलेलं नाही. पण तुमच्या घरी माळ्यावर, पेटीत, कपाटात चांगल्या दिवसासाठी म्हणून काही झाकून ठेवलेलं असेल तर ते आज काढा. मळू द्या, झिजू द्या, फाटू द्या. आणि घरात कुणी वर्षानुवर्षं एकच लहानशी गोष्ट मागत असेल तर तिला लग्नाचा मुहूर्त लावू नका. वस्तू वापरून जितक्या मरतात त्याहून जास्त जपून मरतात. हे मला आता कळून उपयोग नाही, तुम्हाला असेल तर पाहा.

आज संध्याकाळी नलू वॉकर टेकत शेडपर्यंत आली होती. माझ्यावर हात ठेवून म्हणाली, “आजच्या दिवस तरी उघडी राहू द्या तिले.” चंद्रभान हो म्हणाला. ती आत गेल्यावर त्यानं मला ओल्या फडक्यानं पुसलं, आरसे पुसले, आणि हाताच्या सवयीनं खोळ ओढून एकेक नाडी बांधली. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. माप अजूनही अगदी बरोबर आहे.