सोमवारची प्रत

सासऱ्यांनी सरळ सांगून टाकलं, "सूनबाई, छापखान्याला पत्र लिही. यापुढे मुद्रितं पाठवू नका म्हणावं. माझी बोटं गेली."

तीस वर्षं ते ब्रेल पुस्तकांची मुद्रितं तपासत होते. डोळ्यांनी लहानपणीच दगा दिलेला, त्यामुळे आयुष्यात जे काही वाचलं ते बोटांनीच. लॅपटॉपला जोडलेल्या पट्टीवर एकेका ओळीचे ठिपके उठत. गेल्या आठवड्यात लॅपटॉप अपडेट झाला आणि ओळीच्या टोकाची अक्षरं त्यांना पुसट लागू लागली. त्यात डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलेलं. मग काय, साखरेने बोटं बधिर झाली, असं म्हाताऱ्याच्या मनाने घेतलंच.

सून कर्नलवाली, म्हणजे संगणकाच्या अगदी गाभ्यातल्या प्रोग्रामवर काम करणारी. दोष पट्टी चालवणाऱ्या मॉड्यूलमध्ये, त्या गाभ्याच्या छोट्या तुकड्यातच आहे, यावर ती ठाम होती. ऑफिसच्या सर्व्हरवर अख्खा कर्नल बांधायचा, म्हणजे नव्याने तयार करायचा, तर दर वेळी तासभर हात चोळत बसा. म्हणून रजा काढून ती सासऱ्यांच्याच टेबलाशी ठाण मांडून बसली. तेवढं एकच मॉड्यूल तिथल्या तिथे बांधायचं, जुनं उतरवून नवं चढवायचं, मिनिटाचं काम. चार दिवसांत पन्नासदा चढवून झालं, पण गुण येईना.

"अहो बाबा, दोष यंत्राचाच आहे."

"अगं, यंत्र तू पन्नासदा बदललंस. चूक केसभर तरी हलली का? न बदललेलं इथे एकच आहे." त्यांनी बोट वर केलं.

ती एकदम चपापली. पन्नास बदल करून केसभरही फरक नाही? निदान बिघडायला तरी हवं होतं!

चढताना स्वतःच्या प्रतीचा नंबर सांग, अशी एक ओळ तिने मॉड्यूलमध्ये घातली. बांधलं, चढवलं, यंत्राच्या नोंदी, म्हणजे लॉग, पाहिला. नंबरचा पत्ताच नाही. फोल्डर धुंडाळले आणि तिने कपाळावर हात मारला. मॉड्यूलची सोमवारची पहिली कच्ची प्रत तिनेच हाताने एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली होती, आणि यंत्र आधी तिथेच बघायचं. चार दिवस तीच चढत होती, आणि ही शहाणी बाई नव्या प्रती भलतीकडेच ठेवत होती.

"बाबा, गाढव मी आहे," म्हणत तिने ती प्रत उडवली आणि ताजी चढवली. "वाचा आता."

बोट ओळीच्या टोकाशी जाऊन थांबलं. बोट मागे आलं, पुन्हा टोकापर्यंत गेलं. त्यांनी बटण दाबून पुढची ओळ घेतली, मग त्याच्या पुढची. ओठ शब्दामागून शब्द पुटपुटू लागले.

"मग पत्रात काय लिहू?" तिने विचारलं.

"गप्प बस जरा," ते म्हणाले. "मी वाचतोय."