न मिटलेली फट

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. ऱ्हाईन नदीकाठच्या एका गणितसंस्थेच्या तळघरात, मोडक्या खुर्च्यांशेजारी मला ठेवले आहे. येथे कोणी फिरकत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

तारेचे कडे साबणाच्या पाण्यात बुडवून काढले, की त्यात पातळ पडदा ताणला जातो. तो मोठा काटकसरी असतो. तारेला धरून राहतो, पण जेवढ्या कमी पसाऱ्यात भागेल तेवढ्यातच भागवतो. असे पडदे साबणाशिवाय, नुसत्या आकड्यांतून काढून दाखवणे हे माझे काम. डेटलेफ वीसनर यांनी त्यासाठी प्रोग्रॅम लिहिला आणि प्रोफेसर इर्मट्राउट हावरकांप या बाईंनी मला कामाला जुंपले.

बाईंना कोणी न पाहिलेला, बोगदे असलेला एक पडदा हवा होता. मी त्याचा एक तुकडा काढी आणि त्याच्या आरशातल्या प्रती एकीला एक जोडत जाई. शेवटची कड पहिलीला भेटली, तरच पडदा खरा. एके दिवशी माझ्या काचेवर कडा भेटल्या. ते चित्र व्हरांड्यात लागले. पाहुणे थबकत, माझी वाहवा करीत.

पुढे नवी यंत्रे आली. माझ्याकडे येणाऱ्या एकट्या बाई उरल्या. काळ्या पावाचा तुकडा चघळत त्या तो पडदा खरा असल्याचे कागदावर सिद्ध करू पाहत, पण जमेना. दिवसभर त्यांच्या पेन्सिलीचा आवाज, तेवढीच मला सोबत.

बाई निवृत्त झाल्या. खोली रिकामी करायची म्हणून डेटलेफ आले.

"डेटलेफ, कडा अगदी जवळ आल्या की हे यंत्र त्या शिवून टाकतं ना? ती शिवण काढा."

"चित्र नीट दिसावं म्हणून तुम्हीच शिवायला सांगितलं होतं, बाई."

"तेव्हा घाई होती मला."

"आता कशाला उसवता? उमेदीची सगळी वर्षं यात घातलीत. आणि एवढीशी फट दिसतेय कुणाला?"

"तुम्हाला नाहीच दिसायची. काल कॉफीत मीठ घातलंत."

शिवण निघाली. फट उघडी पडली. बाईंनी पडद्याचा आकार ठरवणारा आकडा जरा सरकवला, फट लहान झाली. आणखी सरकवला, आणखी लहान झाली. पण बोगदा दोऱ्यासारखा बारीक होत लांब निघाला. फट काही मिटली नाही. कॉफी निवून गेली.

"यंत्र जुनं झालंय," डेटलेफ हळूच म्हणाले.

"यंत्राला बोल लावू नका. असा पडदा अस्तित्वातच नसावा. म्हणून हाती लागत नव्हता." बाईंनी चष्मा पुसला. "आता तो नाही, हे सिद्ध करायला बसते."

"या वयात?"

"मग काय, बागेत मुळा लावू?"

त्यांनी मला बंद केले आणि माझा पंखा थांबेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग मला खाली आणले गेले.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकायची तर खुशाल टाका, जागा सर्वांनाच लागते. पण त्याआधी तिला काही विचारायचे राहिले आहे का, एवढे पाहा. आणि तिच्या उत्तराचे पुढे काय झाले, ते कधीतरी येऊन तिला सांगा. बाईंचे सिद्ध झाले की नाही, ते मला अजून कोणी सांगितलेले नाही.